हातचलाखी शिकायची आहे? मग आधी कुठून शिकायची ते ठरवा

२१ पत्त्यांची जादू जवळपास प्रत्येक घरात कुणाला तरी येतेच. सात-सात पत्त्यांच्या तीन ओळी मांडायच्या, समोरच्यानं मनात धरलेला पत्ता कुठल्या ओळीत आहे ते विचारायचं, ती ओळ मध्ये घालून पत्ते गोळा करायचे. असं तीनदा. शेवटी वरून अकरावा पत्ता काढून द्यायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावानं मला ती शिकवली, पाच मिनिटांत आली, आणि पुढची दोन-तीन वर्षं घरी येईल त्या पाहुण्याला मी ती करून दाखवली. थक्क कुणीच झालं नाही. "काहीतरी गणित आहे बुवा," म्हणून लोक चहाकडे वळायचे. गणितच होतं ते.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नघरी एका काकांनी हीच जादू माझ्यासमोर केली. ओळी त्याच, प्रश्न तेच. पण तिसऱ्यांदा पत्ते गोळा झाल्यावर त्यांनी ते मोजले नाहीत. गठ्ठा समोरच्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी बोलतो, तू एकेका अक्षराला एकेक पत्ता खाली ठेव." मग सावकाश बोलायला लागले : तु-झा-प-त्ता-म-ला-सा-प-ड-ला-गं. "गं"ला तिनं ठेवलेला पत्ता उलटला, तर तिचीच इस्पिकची राणी. खोलीभर आरडाओरडा झाला. मोजून बघा, बरोबर अकरा अक्षरं आहेत. मुलगा असेल तर शेवटी "रे".

गुपित माझ्याकडे होतं तेच होतं. त्या काकांना कुणीतरी, किंवा कुठल्यातरी पुस्तकानं, गुपिताच्या पुढचं शिकवलं होतं. हा लेख त्या पुढच्या भागाबद्दल आहे. पुस्तक, व्हिडिओ, जादूचा खोका, शिकवणी यांतलं काहीही निवडताना ते किती गुपितं देतं हे मोजू नका. गुपित सांगून झाल्यावर ते आणखी काय सांगतं, ते बघा.

पहिली पायरी : कुणाला दाखवणार आणि कुठे?

बहुतेक जण इथेच उलटी सुरुवात करतात. आधी पुस्तक घेतात, मग त्यातली जादू करायला माणसं शोधतात. त्याऐवजी आपली माणसं आणि जागा आधी लिहून काढा. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवणानंतरची दहा मिनिटं? मग समोर टेबल आहे, लोक बसलेले आहेत, पत्ते चालतील. लोकलमध्ये उभ्यानं? टेबल नाही, चारी बाजूंनी डोळे. तिथे नाणं किंवा रबरबँड. पुतणीच्या वाढदिवसाला वीस पोरं? पोरं जमिनीवर बसतात, म्हणजे तुमचा तळहात त्यांना खालून दिसतो, आणि सहा वर्षांच्या मुलाला "मनात पत्ता धर" म्हटलं तर तो मोठ्यानं सांगून टाकतो. तिथे सुतळी, रुमाल, कागदी पेले, रंग बदलणाऱ्या वस्तू.

हे ठरलं की तुम्हाला पत्त्यांवरचं पुस्तक हवं, नाण्यांवरचं हवं की सगळ्याची तोंडओळख करून देणारं हवं, हे आपोआप कळतं. अजून काहीच ठरत नसेल तर पत्ते घ्या. पत्त्यांइतकं शिकवणारं साहित्य दुसऱ्या कशावरही नाही, आणि पत्ते हातात असलेला माणूस कुणाला विचित्र वाटत नाही. खिशातून अचानक रेशमी रुमाल काढणारा मात्र वाटतो.

दुसरी पायरी : एक पुस्तक. एकच.

व्हिडिओच्या जमान्यात पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की व्हिडिओ बघून आपण त्या माणसाची नक्कल करतो. त्याचे हातवारे, त्याचा हेल, त्याचे विनोदसुद्धा. पुस्तकातली जादू वाचताना बोलणं तुम्हालाच तयार करावं लागतं, आणि पहिल्या दिवसापासून ती तुमची होते. शिवाय चांगल्या पुस्तकाला क्रम असतो. आज हे, ते पक्कं झाल्यावर ते. व्हिडिओंच्या यादीला क्रम नसतो. तिथे कुठला तरी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

मराठीत पत्त्यांच्या, आगकाड्यांच्या, अंकांच्या जादूंची छोटी पुस्तकं मिळतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि ग्रंथालयांच्या बालविभागात ती हटकून सापडतात. आपोआप होणाऱ्या, गणिती जादूंसाठी ती छान आहेत. शाळकरी मुलाला इंग्रजीचं ओझं नको असेल तर सुरुवात तिथूनच करा. मात्र हातचलाखी शिकायला चित्रं लागतात, बोटं नेमकी कुठे आहेत हे दिसावं लागतं, आणि तिथे ही पुस्तकं तोकडी पडतात. मग इंग्रजीकडे वळावं लागतं. भाषेला घाबरू नका. 'अंगठा इथे ठेवा, करंगळी तिथे' एवढंच इंग्रजी असतं ते.

पत्त्यांसाठी माझी पहिली पसंती 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. जाँ ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउए यांचं हे पुस्तक १९४८ सालचं आहे, आणि त्याची मांडणी अजून शिळी झालेली नाही. पहिलंच प्रकरण साध्या हाताने पत्ते पिसण्याचं. दिसायला नेहमीसारखंच पिसायचं, पण एक पत्ता आपल्याला हवा तिथे ठेवून. एक कृती शिकवली की लगेच तिच्यावर बेतलेल्या जादू दिलेल्या आहेत, म्हणजे आठवडाभर नुसती कवायत होत नाही. आधुनिक आणि जास्त तपशीलवार हवं असेल तर रॉबेर्टो जोबी या स्विस जादूगाराची 'कार्ड कॉलेज' ही पाच खंडांची मालिका आहे. मूळ जर्मन, इंग्रजीतही उत्तम. पण पाचही खंड एकदम घेऊ नका. पहिला पुरून उरतो.

हातचलाखी नकोच, जादू आपोआप व्हायला हवी, असं वाटत असेल तर कार्ल फुल्व्हजचं 'सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स' (१९७६) घ्या. ७२ जादू आहेत, त्यातल्या पाच तुमच्या तोंडात बसल्या तरी पैसे वसूल. या प्रकाराला काही जण नाकं मुरडतात. मुरडू द्या. हात मोकळे असले की लक्ष माणसाकडे देता येतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नसतं.

सगळं थोडं थोडं चाखायचं असेल तर मार्क विल्सनचा 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५). पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, स्पंजचे चेंडू, पेले आणि गोळ्या, सगळं आहे आणि पानोपानी चित्रं. घरात बारा-तेरा वर्षांचं मूल आणि हौशी पालक दोघं मिळून शिकणार असतील तर हेच. नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचं १९५२ सालचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक'. त्याबद्दल एक अडचण आहे, ती पुढे सांगतो.

आणि एक पुस्तक ज्याच्या नादी लागू नये. इंटरनेटवर कुणीतरी तुम्हाला अर्डनेस या टोपणनावाच्या लेखकाचं १९०२ सालचं 'दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' वाचायला सांगेलच. थोर पुस्तक आहे, कॉपीराइट संपल्यामुळे फुकटही मिळतं, आणि नवशिक्याला त्यातलं काहीही करता येत नाही. पोहायला शिकायचं म्हणून कुणी थेट पुराच्या पाण्यात उडी मारत नाही.

फुकट जुन्या पुस्तकांत रमायचंच असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर रेजिनाल्ड स्कॉटचं १५८४ सालचं 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' चाळा. शिकायला नाही, गंमत म्हणून. चेटकिणी म्हणून गरीब बायांचा छळ होत होता, त्याविरुद्ध लिहिलेलं हे पुस्तक, आणि त्यातच नाणी, गोळ्या, दोऱ्यांच्या जादू कशा करतात हे लिहून ठेवलंय. चमत्काराच्या भीतीवर उतारा म्हणून जादूचं गुपित उघड करण्याचं हे काम आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून केलं. हवेतून अंगारा काढणं, लिंबातून रक्त काढणं, जिभेवर कापूर जाळणं. माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी पहिली हातचलाखी अशाच कार्यक्रमात पाहिली. फक्त एक लक्षात घ्या : ते प्रयोग तयार कार्यकर्ते करतात. विस्तव, रसायनं, सुया, ब्लेड ज्यात आहे असं कुठलंही साधन पहिल्या वर्षात उघडायचं नाही. मुलांच्या हातात तर नाहीच.

कसोटी : पुस्तक असो वा व्हिडिओ, हे एक तपासून बघा

साधन चांगलं की वाईट हे ओळखायला मी 'खुणेचा पत्ता' ही जादू वापरतो. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या साधनात ती असते. तळाचा पत्ता गुपचूप बघून ठेवायचा. समोरच्यानं आपला पत्ता गठ्ठ्याच्या वर ठेवला, की गठ्ठा कापून खालचा भाग वर आणायचा. आता तुम्ही बघितलेला पत्ता त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. पत्ते उघडे पसरले की खुणेचा पत्ता शोधायचा, त्याला लागून असलेला पत्ता त्याचा.

आता तुमच्यासमोरचं साधन यावर काय सांगतं ते वाचा. "तळाचा पत्ता बघून ठेवा आणि पुढे जा" एवढंच असेल तर ते मिटून ठेवा. चांगलं साधन विचारतं, बघायचा कधी? पत्ते पिसून झाल्यावर गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करताना, ओझरतं, आणि तेव्हाच काहीतरी प्रश्न विचारत; त्याला पत्ता निवडायला सांगितल्यानंतर नाही, कारण तेव्हा तो तुमच्या हाताकडे बघत असतो. चांगलं साधन हेही सांगतं, की शेवटी पत्ते उघडे पसरून बोट फिरवत "हा का? हा का?" करत बसू नका; पत्ता सापडला तरी पुढे जा, पसरणं संपवा, पत्ते मिटा आणि मग त्याच्या डोळ्यांत बघून पत्त्याचं नाव सांगा. आणि त्यानं गठ्ठा आणखी एकदा कापायचा हट्ट धरला तर? कापू द्या, एकदा-दोनदा कापून क्रम मोडत नाही, हे सांगतं. पण त्यानं पत्ते पिसलेच तर जादू बुडाली, तेव्हा काय करून वेळ मारून न्यायची, हेही सांगतं.

एवढ्या एका जादूवरून पुस्तकाची जात कळते. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होणारी परीक्षा आहे ही.

तिसरी पायरी : व्हिडिओ, पण पुस्तकाच्या मदतीला

पुस्तकात वाचलेली कृती हाताला कळत नसेल तेव्हा व्हिडिओ उघडावा. शोधताना जादूचं नाव न घालता कृतीचं नाव घाला. "जबरदस्त कार्ड ट्रिक" असं शोधलंत तर प्रयोग मिळतील, धडे नाहीत. ओव्हरहँड शफल कंट्रोल (पिसताना एक पत्ता ताब्यात ठेवणं), हिंदू शफल फोर्स (पिसता पिसता आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला घ्यायला लावणं), फिंगर पाम (नाणं बोटांत लपवणं) अशी नेमकी नावं पुस्तकातून उचला. हिंदू शफल म्हणजे आपल्याकडे घरोघरी पिसतात तोच प्रकार, गठ्ठ्यातून लांबट बाजूनं थोडे थोडे पत्ते ओढून तळहातात पाडायचे तो. परदेशी पुस्तकांत त्याला हे नाव आहे, आणि आपल्या हाताला तो आधीच येत असतो. ही आयती मिळालेली इस्टेट आहे, वापरा.

व्हिडिओत मला काय दिसायला हवं? आधी पूर्ण जादू, न कापता, खऱ्या माणसांसमोर. मग तीच कृती सावकाश, आणि करणाऱ्याच्या डोळ्यांतून, म्हणजे कॅमेरा त्याच्या खांद्यामागून. नुसत्या समोरून घेतलेल्या धड्यात त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो आणि डावं-उजवं लावण्यात तासभर जातो. तुम्ही डावखुरे असाल तर गंमत अशी, की तोच समोरचा व्हिडिओ तुम्हाला सरळ उपयोगी पडतो. पुस्तकं मात्र बहुतेक उजव्या हाताची. ती आरसा समोर धरून वाचल्यासारखी वाचावी लागतात. व्हिडिओचा वेग अर्ध्यावर आणता येतो, ती सोय वापरा.

शिकवणारा ही कृती कुणाची, कुठून आली हे सांगतो का, तेही बघा. जो उगम सांगतो त्यानं मूळ ठिकाणी वाचलेलं असतं. जो "माझी स्वतःची ट्रिक" म्हणत शंभर वर्षांची जुनी चाल विकतो, त्याला बारकावे माहीत असण्याची शक्यता कमी.

व्हिडिओवाल्यांची एक खोड सांगून ठेवतो. सगळे पहिल्याच दिवशी डबल लिफ्ट शिकवतात, म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलायचे. कारण ती झटपट दिसते. पण ती नीट येण्याआधी लोकांसमोर केली की पत्ते सरकतात, कड दिसते, आणि तुमच्या भाच्याला कायमचं कळतं, की काका दोन पत्ते उचलतात. त्यानंतर तुम्ही खरोखर एकच पत्ता उचललात तरी तो म्हणणार, "दोन आहेत." महिना-दीड महिना तिच्या वाटेला जाऊ नका. पिसण्यातली चलाखी आधी. ती चुकली तरी कुणाला कळत नाही, कारण सगळ्यांना वाटतं तुम्ही पत्ते पिसताय.

चौथी पायरी : विकत घेण्याआधी

जादूचं साहित्य विकणाऱ्यांच्या जाहिराती खोट्या नसतात. त्या फक्त एकाच कोनातून खऱ्या असतात. मी एकदा अंगठी हवेत तरंगवण्याचं साहित्य मागवलं. जाहिरातीत मुलगा रस्त्यात कुणाच्याही हातातली अंगठी घेतो आणि तरंगवतो. पाकीट उघडल्यावर कळलं, की यासाठी जॅकेट घालणं आवश्यक आहे. मी राहतो ठाण्यात. मे महिना होता.

तेव्हापासून काहीही घेण्याआधी मी विक्रेत्याला विचारतो : बाजूला किंवा मागे माणसं उभी असतील तर चालेल का? अंगावर काय लागतं? एकदा केली की लगेच पुन्हा करता येते का, की बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं जुळवाजुळव करावी लागते? शेवटी वस्तू लोकांच्या हातात देता येते का? त्यातलं काही संपतं, तुटतं का? उत्तर टाळलं तर समजायचं. दोरे, मेण, चुंबक वापरणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत तर हे आधी विचाराच.

चुंबकावरून आठवलं. आपली एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, दहाचं दोन धातूंचं नाणं चिकटत नाही. विकत घेतलेलं चुंबकी खेळणं आपल्या चिल्लरीवर चालणार की नाही, हे त्यावर ठरतं.

जत्रेत, प्रदर्शनात मिळणारा तो खास पत्त्यांचा कॅट, ज्यात फर्र करून पत्ते सोडले की सगळे वेगळे आणि पुन्हा सोडले की सगळे सारखे, तो घ्यायला हरकत नाही. त्यात एक पत्ता सोडून एक पत्ता किंचित आखूड असतो आणि आखूड पत्ते सगळे एकसारखे. पण तो कॅट तुम्हाला दोन-तीनच गोष्टी शिकवतो, आणि "दे बघू हातात" म्हटलं की घाम फुटतो. पहिली खरेदी म्हणून नको. साध्या पत्त्यांवर हात बसला की मग घ्या, तेव्हा तो बेमालूम वापरता येईल.

लहान मुलांसाठी पन्नास-शंभर जादू असं लिहिलेले मोठे खोके मिळतात. आतलं प्लास्टिक हलकं असतं ते चालून जातं. खरी रड सूचनापत्रकाची. बोटभर अक्षरांत, भाषांतर केल्यासारखं, कधी चित्राशी न जुळणारं. त्या पैशांत तीन कागदी पेले, चुरगाळलेल्या कागदाच्या चार गोळ्या, रबरबँडची पुडी आणि पायजम्याची सुती नाडी आणा. नाडी मऊ असते, गाठ पटकन बसते आणि सुटते, कापली तरी हळहळ नाही. दोरीच्या जादूंच्या सरावाला याहून बरं काही मला मिळालेलं नाही.

पुस्तकातलं सामान आणि आपलं सामान

ही ती अडचण, जी वर अर्धवट सोडली होती. परदेशी पुस्तकं त्यांचं सामान गृहीत धरतात. बोबोची नाणी म्हणजे अमेरिकेचं अर्धा डॉलर, ३०.६ मिलिमीटर व्यासाचं, ११ ग्रॅमहून जड. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आणि पावणेआठ ग्रॅमच्या आतलं. तळहातात मांसल भागांच्या चिमटीत नाणं धरायचं असतं, तिथे हा साडेतीन मिलिमीटरचा फरक जाणवतो. सुरुवातीला नाणं पडत राहिलं तर हात वाईट आहे असं समजू नका. बोटांच्या मुळाशी धरायच्या पद्धतीनं, म्हणजे फिंगर पामनं सुरुवात करा. ती दहाच्या नाण्याला झकास बसते. वीसचं बारा कोनांचं नाणंही २७ मिलिमीटरचंच, थोडं जड, आणि त्याची कड बोटांना चांगली लागते. आजोबांच्या डब्यात १९७५ ते १९८२ या काळातलं एक रुपयाचं मोठं नाणं सापडलं तर सोन्याहून पिवळं. २८ मिलिमीटर, आठ ग्रॅम. मी तेच वापरतो.

पत्त्यांचंही तसंच. पुस्तकं पोकर मापाचे पत्ते धरून चालतात, सुमारे ६३ मिलिमीटर रुंद. आपल्याकडे रमीसाठी मिळणारे पुष्कळ कॅट ५७-५८ मिलिमीटरचे, अरुंद असतात. लहान हातांना, मुलांना हे उलट बरंच. पण पूर्ण प्लास्टिकचे घेऊ नका. ते धुता येतात, टिकतात, आणि निसरडे असल्यामुळे पसरताना एका जागी झुपका, दुसरीकडे फट अशी गत होते. कागदी, हाताला बारीक खरखरीत लागणारे पत्ते हवेत. बायसिकल छापाचे ऑनलाइन मिळतात. एकाच रंगाच्या पाठीचे दोन कॅट घ्या, तिसरा वेगळ्या रंगाचा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागदी पत्ते फुगून धनुष्यासारखे वाकतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

पाचवी पायरी : माणसं

पुस्तक आणि व्हिडिओ तुमच्याकडे बघत नाहीत. आरसा बघतो, पण आरशासमोर सराव करताना एक वाईट सवय लागते. चोरटी हालचाल येते त्या क्षणी आपण डोळे मिटतो. स्वतःला फसवायचं असतं ना! फोनवर व्हिडिओ काढलात की हे लगेच दिसतं. फोन प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पोरांना दाखवायची असेल तर पाटावर.

त्यानंतर खरा जादूगार शोधा. रंगमंचावरचा प्रयोग तिकीट काढून बघणं हीसुद्धा शिकवणीच आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या रघुवीर भोपळ्यांनी उभी केलेली परंपरा त्यांच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत आली, आणि जादूचे प्रयोग सहकुटुंब बघायची सवय आपल्याला अशाच मंडळींनी लावली. जमलं तर एकच प्रयोग दोनदा बघा. दुसऱ्यांदा रंगमंचाकडे पाठ फिरवल्यासारखं बसून लोकांकडे बघा. ते कधी हसतात, कधी पुढे सरकतात, टाळी नक्की कुठे पडते.

पी. सी. सरकार यांचा ९ एप्रिल १९५६ चा किस्सा इथे आठवतो. बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलीचे दोन तुकडे करण्याचा प्रयोग केला. मुलगी उठण्याआधीच निवेदकानं कार्यक्रम संपवला आणि मुलगी मेली असं समजून लोकांनी फोनवर फोन केले. बाईचे दोन तुकडे करण्याचा खेळ तेव्हा नवा नव्हता, लंडनमध्ये १९२१ पासून चालू होता. सरकारांनी वेळ साधली.

तुमच्या गावात हौशी जादूगारांचा गट असेल तर जा. पण गेल्या गेल्या "हे कसं केलंत?" विचारू नका. "मी ही एक जादू बसवतोय, बघून सांगाल का?" असं म्हणा. पहिल्या प्रश्नाला जादूगार हसून विषय बदलतो, दुसऱ्याला खुर्ची पुढे ओढतो. पैसे घेऊन शिकवणारे असतील तर आधी त्यांचा एखादा विद्यार्थी जादू करताना बघायला मागा. गुरुजींची स्वतःची जादू बघून काही कळत नाही, त्यांना ती येतेच. पद्धतशीर संस्थेत शिकायचं असेल तर भारतात गोपीनाथ मुतुकाड यांनी तिरुवनंतपुरमला १९९६ साली काढलेल्या मॅजिक अकॅडमीचं नाव मोठं आहे. पण आपल्या वाचकाला पहिल्या वर्षी इतक्या लांब जायची गरज नाही.

पहिले तीन महिने

एक पुस्तक, तीन कॅट, एक वही. वहीत जादूची गुपितं लिहू नका, ती पुस्तकात आहेत. कुणाला दाखवली, काय बोललो, कुठे अडखळलो, तो काय म्हणाला, एवढंच लिहा. पहिल्या महिन्यात दोन आपोआप होणाऱ्या जादू, त्यातली एक २१ पत्त्यांची, स्वतःच्या अकरा अक्षरी वाक्यासह. दुसऱ्या महिन्यात पिसण्यातली चलाखी आणि तिच्यावरची एक जादू. तिसऱ्या महिन्यात नवीन काहीच नाही. याच तिन्ही जादू वीस वेगवेगळ्या माणसांना दाखवा, आणि एकालाही तीच जादू लागोपाठ दोनदा नाही, कितीही गळ घातली तरी. दुसरं पुस्तक उघडायचं ते वहीत वीस नोंदी झाल्यावर.

एव्हाना पहिल्या कॅटच्या कडा मळलेल्या आणि पत्ते मऊ झालेले असतील. तो टाकू नका. पत्ता फाडायच्या, त्यावर सही करून घ्यायच्या, कोपरा दुमडायच्या जादू पुढे येतात. त्यांचा सराव याच पत्त्यांवर करायचा, आणि त्याच रंगाचा दुसरा कॅट कोरा ठेवायचा.